मेटल डिटेक्टर घेऊन जुनी नाणी शोधायचीत? पुण्यात राहून कसं करायचं ते सांगतो

आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना मोहरांचा हंडा पाहिजे ते इथूनच मागे फिरतील. चार वर्षं झाली मी हे करतोय आणि सोनं आजपर्यंत एकदाच सापडलंय, तेही मामेबहिणीचं मळणीच्या वेळी पडलेलं कानातलं, त्याबद्दल मामीने पुरणपोळी घातली आणि विषय संपला. खिळे मात्र किलोने आहेत. गॅलरीत पत्र्याचा एक डबा त्यांनीच भरलाय आणि बायको दर दिवाळीच्या साफसफाईला विचारते की हे भंगारात कधी देणार.

तरीपण मजा येते. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कोणाच्या तरी कनवटीतून पडलेला पैसा मातीतून वर येतो आणि आपण तो हातात धरतो, हे ज्याला आवडतं त्याच्यासाठी हा धंदा. बाकीच्यांनी जुन्या बाजारात जावं, बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथं खऱ्या-खोट्या सगळ्या प्रकारची नाणी मिळतात.

बहुतेक लोक आधी मशीन घेतात आणि मग जागा शोधत हिंडतात, मीही तेच केलं होतं. पार्सल आलं त्या रात्री सोसायटीच्या बागेत चालू केलं तर वॉचमनकाका काठी घेऊन आले, त्यांना वाटलं कोणीतरी पाण्याची लाइन उकरतोय. उलटं करा. आधी जागा, मग जागेच्या मालकाची परवानगी, मग त्या मातीला चालेल असं मशीन.

सिंहगड डोक्यातून काढा

मला जो भेटतो तो पहिल्यांदा हेच विचारतो, सिंहगडावर नेलंस का रे, तोरण्यावर नेलंस का, शिवाजी महाराजांना तोरण्याची डागडुजी करताना धन सापडलं होतं ना मग अजून असेल की. नाही नेलं आणि नेणारही नाही. गड, लेणी, जुने वाडे, यातलं जे काही संरक्षित स्मारक आहे तिथं मशीन घेऊन उकरणं हा सरळसरळ गुन्हा आहे. शनिवारवाडा, पाताळेश्वर, आगाखान पॅलेस, कार्ले-भाजे, लोहगड, विसापूर, शिवनेरी, जुन्नरची लेणी ही केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर तिथं परवान्याशिवाय खोदलंत तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. राज्याच्या ताब्यातल्या स्मारकांना १९६० चा वेगळा कायदा आहे. वर २०२५ मध्ये शिवनेरी, लोहगड, राजगड धरून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेलेत, तिथं उकरताना सापडलात तर पोलीस यायच्या आधी ट्रेकवाली पोरंच तुम्हाला धरतील आणि त्यांचं काही चुकणार नाही.

वेताळ टेकडी, तळजाई वगैरे वनखात्याकडे, तिथंही नको. नदीपात्र तुमच्या-माझ्या मालकीचं नाही. शिवाय १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर मुठेच्या काठचं सगळं इकडचं तिकडे झालं, त्यामुळे काठावर काही मिळालं तरी ते मुळात कुठलं हे कोण सांगणार. आणि कॅन्टोन्मेंट, खडकी, देहूरोड, एनडीएच्या आसपास तर मशीन गाडीतून बाहेरसुद्धा काढू नका. लष्कराच्या हद्दीजवळ कानाला हेडफोन लावून जमीन तपासणारा माणूस लांबून कसा दिसत असेल याचा जरा विचार करा. एखाद्या शेतातसुद्धा जुना तोफगोळा किंवा जिवंत काडतूस वाटेल असं काही लागलं तर हात लावायचा नाही, लांब व्हायचं आणि ११२ फिरवायचा.

आता तो कायदा ज्याबद्दल कोणीच बोलत नाही. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा, इंग्रजांच्या वेळचा आणि अजून लागू. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही, म्हणजे वाड्याची भिंतसुद्धा आली, दडवलेली काहीही मौल्यवान वस्तू सापडली आणि तिची किंमत दहा रुपयांच्या वर असली तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं. काय सापडलं, साधारण किती किमतीचं, कुठं आणि कोणत्या तारखेला, एवढं लिहायचं, आणि वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा मागाल तेव्हा हजर करतो म्हणून जामीन द्यायचा. हो, दहाच रुपये, १८७८ चे. नाही कळवलंत तर तुमचा वाटा जातो आणि वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. कळवलंत आणि पुढे कोणी मालक निघाला नाही तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश असा वाटा कायद्यात आहे. सरकारला ती वस्तू ठेवून घ्यायची असेल तर धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश देऊन घेता येते. म्हणजे प्रामाणिक माणूस यात अगदीच नागवला जात नाही. झिजलेला एक सुटा पैसा आणि नाण्यांनी भरलेलं मडकं यात फरक आहे हे कोणालाही कळतं, पण मधल्या गोष्टीत रेघ कुठे मारायची हे आपण स्वतःच्या सोयीने ठरवायचं नाही, शंका आली की कळवायचं.

लांबचं उदाहरण नको असेल तर २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडजवळच्या चिखलीला काय झालं ते आठवा, बांधकामाच्या खोदाईत मजुरांना सोन्याची नाणी लागली, त्यांनी गुपचूप ठेवली, बातमी फुटली आणि पिंपरी-चिंचवड पोलिसांनी २१६ नाणी जप्त केली, मुघल काळातली. लपवून मिळालं काय, चौकशी.

काळी, पांढरी आणि मामाचं शेत

मग जायचं कुठं? खासगी शेतात, मालकाला विचारून. बस एवढंच उत्तर आहे. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला शेत कुठलं असं म्हणू नका, पुण्यात कोणाचा मामा सासवडला असतो, कोणाची आत्या शिरूरला, कोणाचं सासर मावळात. माझा मामा सासवडच्या पुढे, अंजिराची बाग आणि वर थोडी जिरायती. पहिल्यांदा मशीन घेऊन गेलो तेव्हा तो बांधावर उभा राहून म्हणाला, "काय रे, बॉम्ब शोधतोस का?" दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच सांगायला लागला, इथं पूर्वी मोट होती, इथून गाडीवाट जायची, त्या चिंचेखाली बैल सोडून लोक भाकरी खायचे. ही माहिती कुठल्याच नकाशात मिळत नाही. पहिला अर्धा दिवस मशीन पिशवीतच ठेवा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशी गप्पा मारा, पूर्वी आठवडे बाजार कुठे भरायचा, जत्रेचा माळ कुठला, पाणवठा कुठे होता, पायवाट कुठून जायची. माणूस जिथं बसतो, वाकतो, पैसे मोजतो तिथंच नाणं पडतं. माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला मुक्कामाला येते, वाटेत वारकरी शेताच्या कडेला टेकतात, त्या पट्ट्यात तर हमखास नाणी मिळतात, आता बहुतेक एक-दोन रुपयांची असतात ही गोष्ट वेगळी.

परवानगी तोंडी असली तरी चालतं असं मी आधी मानायचो. एकदा मित्राच्या मित्राच्या शेतात गेलो, त्याने खुशाल जा म्हणून सांगितलं होतं, आणि तासाभराने त्याचा चुलतभाऊ आला, सातबाऱ्यावर सहा नावं आणि आपसात वाद, खड्डे बघून त्याला वाटलं मी मोजणी करायला आलोय. तेव्हापासून सातबारा ऑनलाइन बघतो, नावं किती आहेत ते मोजतो, आणि एका कागदावर दोन ओळी लिहून घेतो की अमुक तारखेला शोधायला परवानगी आहे, जे सापडेल ते आधी मालकाला दाखवायचं. हा कागद निघाला की समोरचा पण सीरियस होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गावात दोन माती असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेती, पांढरी म्हणजे वस्ती. जुनं उठून गेलेलं गाव जिथं होतं तिथली माती राखेसारखी मऊ, पांढरट असते, तीत खापरं, हाडं, बांगड्यांचे तुकडे दिसतात आणि थोडा उंचवटा असतो, लोक त्याला पांढर किंवा पांढरीचं टेकाड म्हणतात. नवख्याला वाटतं वा, इथं तर खजिना. तिथंच थांबायचं. तो उंचवटा म्हणजे एकावर एक बसलेले थर असतात आणि कुठल्या थरात काय होतं यावरच सगळा इतिहास उभा असतो. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे, तिथं डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून बारा हंगाम ब्रश आणि खुरप्यांनी उकरून तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी कसे राहायचे, काय पिकवायचे, मेलेल्याला कसे पुरायचे हे काढलं. तिथं आपल्यासारखा कोणी आधी बीप बीप करत भोकं पाडून गेला असता तर काय उरलं असतं? माझा नियम साधा आहे, खापरं दिसली की मशीन बंद, फोटो, लोकेशन, आणि डेक्कन कॉलेजला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवायचं. शोधायचं ते काळ्या मातीत, नांगराच्या फाळाने आधीच वरखाली झालेल्या वीतभर थरात. तिथं मोडण्यासारखं काही उरलेलं नसतं.

मशीन कसं घ्यायचं

फार टेक्निकल होत नाही. कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडतात, खाली धातू असला की त्यात भोवरी प्रवाह तयार होतात, ते उलटं स्वतःचं क्षेत्र सोडतात आणि दुसरी कॉइल ते पकडते. परत येणारा सिग्नल किती उशिरा येतो यावरून मशीन अंदाज बांधतं की लोखंड आहे की तांबं-चांदी, आणि स्क्रीनवर आकडा दाखवतं. हे साधं व्हीएलएफ, म्हणजे व्हेरी लो फ्रिक्वेन्सी मशीन. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली तेव्हा टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने असंच यंत्र घेऊन अंगातली गोळी शोधायचा प्रयत्न केला होता आणि तो फसला, पलंगातल्या लोखंडी स्प्रिंगांमुळे फसला असं म्हणतात. तुम्ही गच्चीवर मशीन ट्राय केलंत की तुमचाही बेल होणार, स्लॅबमधल्या सळया एकसारख्या कोकलतात. ट्रायल मातीतच घ्या.

गॅरेट, माइनलॅब, नोक्टा यातलं कुठलंही सुरुवातीचं मॉडेल चालतं, चांगल्या मोबाइलच्या किमतीत येतं. मॉलच्या दारात अंगावरून फिरवतात ती काठी यासाठी नाही. घेताना दोनच गोष्टी बघा. एक, ग्राउंड बॅलन्स आहे का, आणि दुसरी, कॉइल डबल-डी आहे का, म्हणजे आत इंग्रजी डी आकाराची दोन वेटोळी एकमेकांवर थोडी चढलेली. कारण आपली सगळी जमीन बेसाल्टची, आणि बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं म्हणजे मातीच लोहचुंबकाला प्रतिसाद देते. परदेशातले व्हिडिओ बघून लोक हिरव्या कुरणात एक फुटावरचं नाणं काढायची स्वप्नं बघतात, इथं पुरंदरच्या मुरमात रुपयाएवढं नाणं पंधरा सेंटिमीटरवर नीट वाजलं तरी नशीब समजा. ग्राउंड बॅलन्स करायचं म्हणजे खाली धातू नाही अशी जागा बघून कॉइल जमिनीजवळ वरखाली पंप करायची, मशीन त्या मातीचा आवाज शिकतं आणि वजा करतं. शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माती बदलली की परत करायचं, कंटाळा करायचा नाही. एवढं करूनही कटकट करत असेल तर सेन्सिटिव्हिटी खाली आणा. लोक नेमकं उलटं करतात, काही लागत नाही म्हणून वर नेऊन ठेवतात आणि मग मशीन दगडांवर पण ओरडतं.

आणि ते 'पन्नास फुटांवरून सोनं ओळखणारं' दोन अँटेनांचं यंत्र कोणी विकत असेल तर सरळ रामराम ठोका. तसंच तांदूळ ओढणारं नाणं, इरिडियमचं भांडं, गुप्तधनासाठी पूजा मांडणारा बुवा, सगळी एकाच माळेतली. गुप्तधनाच्या नादाने आपल्याकडे माणसं मारली गेलीत, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा उगाच नाही आला.

सोबत काय लागतं? खुरपं, छोटी कुदळ, पिनपॉइंटर म्हणजे गाजराएवढी हातातली काडी जी नेमकी जागा दाखवते, वायरचे हेडफोन, पाण्याची बाटली, टोपी, कचऱ्याची एक पिशवी आणि नाण्यांसाठी कागदी पाकिटं. पिनपॉइंटरवर पैसे वाचवू नका, त्याच्याशिवाय ढेकळं फोडत बसाल.

फिरवायचं कसं

सावकाश. झाडू मारल्यासारखं नाही, सारवल्यासारखं. कॉइल जमिनीपासून दोन-तीन बोटं वर आणि पूर्ण फेरीत तेवढीच, टोकाला गेलं की हात आपोआप वर उचलला जातो आणि निम्मी खोली तिथंच जाते. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढली पाहिजे. शेत मोठं दिसतं म्हणून पळू नका, दोरी लावून दोन गुंठ्यांचा पट्टा आखा आणि तेवढाच करा, माझी सगळ्यात चांगली नाणी मी आधी दोनदा फिरून आलेल्या पट्ट्यात मिळालीत.

आवाज ओळखणं हे खरं शिक्षण, आणि ते लिहून शिकवता येत नाही, तरी सांगतो. नाण्याचा आवाज गोल आणि स्वच्छ येतो, डावीकडून गेलं तरी तोच, उजवीकडून तोच, नव्वद अंशात वळून परत फिरवलं तरी तोच. खिळा एका बाजूने गोड बोलतो आणि दुसऱ्या बाजूने फाटतो. बाटलीचं बूच महाफसवं, मी आजही फसतो. गुटख्याच्या पुड्या आणि सिगरेटची चांदी खालच्या आकड्यांवर वाजतात, आणि गंमत म्हणजे पातळ सोनंही तिथंच वाजतं, त्यामुळे कचरा नको म्हणून तो पट्टा बंद केलात तर मामेबहिणीचं कानातलं सापडणार नाही. आत्ताची एक-दोन रुपयांची नाणी स्टीलची, चुंबकाला चिकटणारी, त्यांच्यावर मशीन गोंधळतं. घरून निघताना एक जुना तांब्याचा पैसा, एक चांदीचं जोडवं, एक बूच आणि एक खिळा नेऊन शेतात पाच, दहा, पंधरा सेंटिमीटरवर स्वतः पुरा आणि अर्धा तास त्याच्यावरच मशीन फिरवा, दहा व्हिडिओंपेक्षा जास्त कळतं. पुरलेलं परत काढायचं विसरू नका, माझं एक जोडवं अजून तिकडेच आहे.

वेळ कुठली? पेरणी झाल्यावर शेतात पाय ठेवायचा नाही. सोयाबीन-बाजरी निघाली की दिवाळीच्या आसपास मातीत ओल असते आणि ओल्या मातीत आवाज चांगला येतो. दुसरा मोका नांगरटीनंतरचा, एप्रिल-मे, फक्त तेव्हा ऊन मारतं, सकाळी सहा ते नऊ आणि घरी. पहिला पाऊस पडून गेल्यावर तर मशीनशिवाय नुसतं सऱ्यांवरून चालत जा, धुतलेल्या मातीवर हिरवं नाणं डोळ्याला दिसतं. सराफ बाजारात गटारातली आणि दुकानापुढची धूळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी बघितलेत का कधी? पिढ्यान् पिढ्या परात आणि नजर एवढ्यावर चाललंय, बॅटरी लागत नाही.

सिग्नल पक्का झाला की पिनपॉइंट करा आणि खुरप्याने नाण्यापासून वीतभर लांबून गोल कापत माती उचला, डायरेक्ट वर घाव घातलात तर नाण्यावर ओरखडा, आणि तो आयुष्यभर दिसतो. ठिबकची लाइन आधी बघून घ्या, मी एकदा तोडली होती आणि मामा काही बोलला नाही पण त्या दिवशी चहापण नाही मिळाला. खड्डा परत बुजवायचा, दाबायचा, आणि निघालेली बुचं, पत्रे, ब्लेड सगळं बरोबर घेऊन जायचं. बैलाच्या पायात ब्लेड जाण्यापेक्षा तुमच्या पिशवीत बरं, आणि हे बघितलं की शेजारचा शेतकरी स्वतःहून म्हणतो, आमच्यात पण या.

काय काय निघतं

सगळ्यात जास्त निघतं ते लोखंड. नांगराच्या फाळाचे तुकडे, बैलगाडीच्या धावेचे, बैलांच्या पत्र्या, खिळे. मग पितळेची घुंगरं, बैलाच्या गळ्यातली, ही मला नाण्यांपेक्षा आवडतात, एखादं अजून वाजतं. जोडवी, पैंजणाचे तुकडे, कुलपाची किल्ली.

नाण्यांत पहिल्यांदा येणार ते ॲल्युमिनियमचे एक, दोन, तीन, पाच पैसे. त्याच्या मागे १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली तेव्हाचे 'नये पैसे', १९६४ पासून त्यातला 'नये' गेला, म्हणजे हा शब्द दिसला की वर्ष पुसट असलं तरी काळ कळतो. त्याच्या आधी सोळा आण्यांचा रुपया, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. १९४३ ते ४७ चा भोकाचा पैसा सासवड पट्ट्यात बऱ्यापैकी निघतो. १८३५ पासून कंपनी सरकारची सगळीकडे सारखी नाणी, तांब्याचा पाव आणा म्हणजे आपला पैसा आणि अर्धा आणा म्हणजे ढब्बू. राणीछाप असेल तर अक्षरं वाचा, नुसतं 'क्वीन' असेल तर १८७६ किंवा त्याआधीचं, 'एम्प्रेस' असेल तर १८७७ किंवा नंतरचं. चांदीचा कलदार रुपया ११.६६ ग्रॅम म्हणजे बरोबर एक तोळा, खिशात ज्वेलरीचा छोटा काटा ठेवा, वजनाने निम्मी खोटी नाणी तिथंच गळतात. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ ला गेलीच.

आणि शिवराई. ती निघते तेव्हा हात थरथरतो हे खरंय. तांब्याची, जाड, कडा वाकड्यातिकड्या, एका बाजूला 'श्री राजा शिव' तीन ओळींत आणि मागे 'छत्र पति' दोन ओळींत. ठसा मोठा आणि नाणं लहान त्यामुळे अख्खं नाव जवळजवळ कधीच येत नाही, कुठे 'राजा' अर्धा, कुठे 'पति'चा नुसता त. सगळ्या शिवराया महाराजांच्या वेळच्या नसतात हे लक्षात ठेवा, पुढे पेशवाईतही पाडल्या जात होत्या, मागच्या दोन ओळींच्या मध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, उशिराची. त्या वेळचा पुण्याचा चांदीचा रुपया म्हणजे अंकुशी, त्यावर फारसी मजकूर आणि अंकुशाची खूण, फारसी बघून मुघल म्हणून मोकळे होऊ नका, नाव दिल्लीच्या बादशहाचं आणि टांकसाळ पेशव्यांची.

राम-सीता-हनुमान असलेलं '१८१८ ईस्ट इंडिया कंपनी' नाणं दाखवून कोणी लाख रुपये म्हणत असेल तर हसून सोडा, कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही, देवळाबाहेरचे टोकन आहेत ते.

धुवू नका

माझी पहिली शिवराई मी कौतुकाने स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली आणि काकूने प्रेमाने चिंच लावून घासून दिली. तांब्याच्या बंबासारखी चमकत होती. अक्षरं होती तेवढीपण गेली. जुन्या तांब्यावर जो हिरवा-काळा थर बसतो तोच त्या नाण्याची कातडी असतो, अक्षरं बऱ्याचदा त्या थरातच टिकलेली असतात. चिंच, लिंबू, भांड्याची पावडर, टूथपेस्ट, काही नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, दोन दिवसांनी पाणी बदला, आठवडाभर, मग दात कोरायच्या लाकडी काडीने सुटेल तेवढीच माती काढा. चांदीला तेवढंही करू नका, नुसतं पाणी. पूर्ण वाळल्याशिवाय पाकिटात घालायचं नाही. नाण्यावर फिकट हिरवी पावडर सारखी सुटत असेल तर तो तांब्याचा रोग आहे, ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि जाणत्याला दाखवा. पीव्हीसीच्या स्वस्त अल्बममध्ये काही वर्षांत नाणी चिकट हिरवी होतात, कागदी पाकीट आणि सिलिका जेलची पुडी बेस्ट.

ओळखायला अडलं तर नाण्यांच्या प्रदर्शनात जा, पुण्यात भरतात, तिथं जुनी मंडळी फुकट सांगतात. सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे, तिथंही नाणी आहेत. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशातल्या भावाला गिफ्ट म्हणून पाठवू नका, १९७२ च्या कायद्याने ते पुरावस्तू आहे आणि देशाबाहेर नेणं गुन्हा आहे.

मडकं लागलंच तर

एकामागून एक चार-पाच नाणी एकाच हातभर जागेत लागली, किंवा खापराची गोल कड दिसली, की खुरपं खाली. ओतून बघायचा मोह होतो, नाही करायचं. कुठलं नाणं वर, कुठलं तळाला, मडक्याचं तोंड कशाने बांधलं होतं, हे सगळं एकदाच बघायला मिळतं. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला एक साठा निघाला, तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची, आणि त्यातल्या दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा परत मारलेला. नहपानाचं राज्य सातवाहनांनी घेतलं याचा इतका रोकडा पुरावा मिळाला, कारण तो साठा एकत्र अभ्यासला गेला. तीच नाणी एकेक करून बाजारात गेली असती तर वितळून पैंजण झाले असते. तर फोटो काढा, मोबाइलवर लोकेशन सेव्ह करा, मालकाला बोलवा, माती परत हलकी लोटून ठेवा, तलाठी किंवा तहसीलदाराला फोन आणि जिल्हाधिकाऱ्याला लेखी. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकू नका, रात्रीत अख्खा बांध उकरला जातो.

सुट्या नाण्याचंही असंच, लहान प्रमाणात. घरी आल्यावर लिहू म्हटलं की विसरतं, म्हणून शेतातच पाकिटावर पेन्सिलने लिहायचं, तारीख, शेत, कुठल्या खुणेपासून किती पावलं, किती खोल, सोबत काय निघालं, आणि मालक काय म्हणाला तेही. माझ्या एका पाकिटावर असं आहे: 'मामाचं शेत, वरचा तुकडा, चिंचेपासून विहिरीकडे १४ पावलं, ११ सेंमी, भोकाचा पैसा १९४३, सोबत नट १, गंजलेला. मामा म्हणतो पैसा कोणाचा पडलेला नाही, जुन्या डिझेल इंजिनाला आजोबांनी वॉशर म्हणून लावला होता.'